कोबुर्गचा संत आणि त्याचे चित्र

जर्मनीत लहान गावांनाही स्वतःचे नगरचिन्ह असते. बव्हेरियाच्या उत्तरेकडील कोबुर्ग शहराच्या सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक आहे. युरोपातील शहराच्या ढालीवर आफ्रिकी चेहरा कसा आला?

हे मस्तक या शहराचा रक्षक मानल्या गेलेल्या संत मॉरिसचे. मॉरिस हा इजिप्तमधून आलेल्या रोमन सैन्यतुकडीचा सेनानी. धर्माविरुद्ध दिलेली आज्ञा त्याने मोडली, म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आजच्या स्वित्झर्लंडमध्ये त्याला ठार मारण्यात आले, अशी आख्यायिका आहे.

१९२९ साली कोबुर्गच्या नगरपालिकेत हिटलरच्या पक्षाला बहुमत मिळाले. काळा माणूस आपला रक्षक, ही गोष्ट वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांना कशी रुचावी? १९३४ साली त्यांनी मॉरिसला हटवून ढालीवर तलवार आणली आणि तिच्या मुठीवर आपल्या पक्षाचे स्वस्तिक कोरले. १९४५ साली त्यांची सत्ता संपली आणि मॉरिस परत आला.

पुढे २०२० साली वर्णद्वेषाविरुद्धची चळवळ जगभर पसरली, तेव्हा हे चिन्ह बदलण्याची मागणी झाली. जाड लाल ओठ आणि कानात बाळी, हे चित्र कृष्णवर्णीयांची थट्टा करते, असा आक्षेप होता. चिन्ह राहावे म्हणणारेही पुष्कळ निघाले.

आम्हांला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. आक्षेप खोटा नाही. ज्याचा चेहरा रंगवला जातो त्याला तो बोचत असेल, तर केवळ परंपरेचे नाव पुढे करून भागत नाही. पण मस्तकच काढून टाकले, तर हेतू कितीही चांगला असो, हिटलरच्या अनुयायांनी केले तेच पुन्हा घडेल. शहराच्या ढालीवरून काळा संत नाहीसा होईल.

यातून वाट आहे. ढालीवर कोण असावे हे परंपरेने ठरते. तो कसा रेखाटावा हे चित्रकाराच्या हाती असते. जर्मनीतल्याच माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये सुमारे १२५० सालचा मॉरिसचा दगडी पुतळा आहे. अंगात चिलखत आणि चेहऱ्यावर एका योद्ध्याचे गांभीर्य. पाऊणेआठशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला जे साधले, ते आजच्या चित्रकाराला अवघड नसावे.

म्हणून आमचे मत असे, की संत राहावा, चित्र सुधारावे; आणि ज्या अकरा वर्षांत तो ढालीवर नव्हता, त्यांची हकिकत तेथील मुलांना शाळेत अवश्य सांगावी.