नदीकांठचा एक दगड

गेल्या उन्हाळ्यांत आमचे एक स्नेही प्रवरेकडून परत आले ते रुमालांत एक दगड गुंडाळून. दगड काळसर, तळहाताएवढा, एका टोकास निमुळता व दोन्ही बाजूंनीं छिलके काढून घडविलेला. ती अश्मयुगांतील हातकुऱ्हाड होती. "किती वर्षांची असेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्हीं उलट विचारलें, "नेमकी कोठें सांपडली?" स्नेही थोडे गोंधळले. नेवाशाच्या अलीकडे, एका शेताच्या बांधावर, एवढेंच त्यांस आठवत होतें.

वाचक म्हणतील, हत्यार हातीं आहे, मग जागेची एवढी चौकशी कशास? कारण असें कीं, दगड आज जेथें दिसतो तेथेंच तो आदिमानवाच्या हातून पडला असें क्वचितच घडतें. पुराचें पाणी हलके छिलके वाहून नेतें आणि जड हत्यारें मागें ठेवतें. मग पाहणारास वाटतें कीं, येथील लोक मोठींच हत्यारें करीत. वाहत गेलेल्या दगडाच्या कडा गोट्यांशीं घासून बोथट होतात. धार शाबूत असेल तर प्रवास थोडा, असें अनुमान करतां येतें. पण आपला काळा पाषाण उघड्यावर कुजतो व जागचा न हलतांहि धार गमावतो.

देशावरील काळी जमीन तर याहून खोडकर. उन्हाळ्यांत तिला कशा भेगा पडतात, हें शेतीवाडी असलेल्या घरीं सांगावयास नको. बारीक दगड त्या भेगांत खालीं जातात. पावसांत माती फुगते व मोठे दगड हळूहळू वर ढकलले जातात. शेंकडों पिढ्यांच्या अंतरानें पडलेलीं हत्यारें अशा रीतीनें शेजारीं-शेजारीं येऊन बसतात. त्यांत नांगर फिरला कीं ते आणखी फरफटत जातात, आणि आड येणारे दगड शेतकरी वेंचून बांधावर टाकतो. आमच्या स्नेह्यांची कुऱ्हाड बहुधा अशीच तेथें आली असावी.

जागेचा घोळ किती महाग पडतो हें जुन्नर तालुक्यांतील बोरी येथें दिसून आलें. कुकडीकांठीं हत्यारांच्या सान्निध्यांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला. १९८९ च्या सुमारास त्या राखेचें वय चौदा लाख वर्षें सांगितलें गेलें. १९९५ सालीं पावणेसात लाखांच्या आसपास. तर कांहींनीं ती सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीची, अवघ्या पाऊण लाख वर्षांपूर्वींची ठरविली. राख पाण्यानें वाहून आली काय, तिच्यांत जुने कण मिसळले काय, यावर पुष्कळ वाद झाला. उलट कर्नाटकांत हुणसगी खोऱ्यांतील इसामपूर येथें, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, डेक्कन कॉलेजचे पद्दय्या व त्यांचे सहकारी यांस चुनखडीच्या फरशा, अर्धवट घडलेलीं हत्यारें आणि बारीक छिलके एकत्रच मिळाले. बारीकसारीक माल जागीं राहिला, म्हणूनच ती हत्यारें घडविण्याची मूळ जागा असें म्हणतां आलें.

हें सारें ऐकून आमचे स्नेही दिवाळीनंतर पुन्हा त्या गांवीं गेले. या वेळीं वही, पेन्सिल व नकाशा घेऊन. शेतमालकानें अगत्यानें बसवून चहा दिला, आणि कोणत्या तुकड्यांतून दगड निघत तेंहि हात करून दाखविलें. पण बांध उरला नव्हता. पावसाळ्यापूर्वींच यंत्र लावून शेत सपाट केलें होतें, व बांधावरचे दगड रस्त्याच्या भरावांत गेले होते.