लिस्बनचे ते गाणे आपल्या इतिहासात हवे

6 एप्रिल 1974 रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली. स्वीडनच्या 'अबा'ने 'वॉटर्लू' म्हणून ती जिंकली आणि पुढचे सगळे जगाला ठाऊक आहे. त्याच रात्री, त्याच रंगमंचावर पोर्तुगालचा गायक पाउलो द कार्व्हालो 'इ देपोइश दु आदेउश' हे गाणे गायला. नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'. प्रेम संपल्यावर मागे उरलेल्या माणसाचे ते गाणे. शब्द जुझे निझा यांचे, संगीत जुझे काल्व्हारिओ यांचे. परीक्षकांनी त्याला तीन गुण दिले. नॉर्वे, पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या बरोबरीने पोर्तुगाल अगदी तळाला राहिला.

त्यानंतर अठरा दिवसांनी, 24 एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या एका खासगी रेडिओ केंद्रावर जुआंव पाउलो दिनीश या उद्घोषकाने अकराला पाच मिनिटे कमी असल्याचे सांगितले, युरोव्हिजनचा उल्लेख केला, गायकाचे नाव घेतले आणि हेच गाणे लावले. लिस्बन परिसरातल्या छावण्यांत लष्कराचे तरुण अधिकारी रेडिओला कान लावून बसले होते. त्यांच्यासाठी ती खूण होती: तयार राहा. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी देशभर ऐकू जाणाऱ्या 'रेडिओ रेनासेन्सा'वरून जुझे आफोन्सो यांचे 'ग्रांदुला, व्हिला मोरेना' लागले आणि तुकड्या बाहेर पडल्या. 25 एप्रिलच्या संध्याकाळी पंतप्रधान मार्सेलो कायतानो शरण आले. 1926 पासून 48 वर्षे चाललेली हुकूमशाही एका दिवसात कोसळली. लोकांनी रस्त्यावर येऊन सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोचली.

मी गोव्याची. पणजीच्या आकाशवाणीवर मराठी उद्घोषिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. युरोव्हिजनमध्ये तळाला राहिलेले हे गाणे गोव्याच्याही इतिहासाचा भाग आहे, आणि तो इतिहास शिकवताना, सांगताना आपण त्याला जागा दिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गोवामुक्तीची आपली कथा 19 डिसेंबर 1961 ला संपते. भारतीय सैन्य आले, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली, तिरंगा चढला. भाषणे तिथे थांबतात. पण लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझारने हे कधीच मान्य केले नाही. पुढची बारा-तेरा वर्षे पोर्तुगालच्या लेखी गोवा पोर्तुगालचाच होता. ते बदलले 1974 मध्ये. क्रांतीनंतर परदेशातून परतलेले मारियो सोआरिश परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी सालाझारचे तुरुंग पाहिले होते, हद्दपारी भोगली होती. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत त्यांनी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. भारताच्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेला माणूस आणि लिस्बनच्या तुरुंगांतून गेलेला माणूस एका टेबलाशी बसले आणि जुने भांडण मिटले. त्या टेबलापर्यंतची वाट 24 एप्रिलच्या रात्रीपासून सुरू होते.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्या गाण्यात क्रांतीचा एक शब्दही नाही, त्याच्या जागी दुसरे कुठलेही चालले असते, त्याचे काम घड्याळाचे होते, त्याला इतके महत्त्व कशाला? रेडिओवर काम केलेल्या माणसाला हे पटणार नाही. रात्री अकराच्या सुमाराला कुठलेही गाणे लावून चालत नाही. ऐकणाऱ्याला ते ओळखीचे हवे, म्हणजे पहिल्या दोन सुरांत कळते. ते ताजे हवे, म्हणजे आत्ताच का लावले, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. शिवाय त्या देशात प्रत्येक गाण्याच्या शब्दांवरून सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरत असे, राजकीय पोलिसांचे कान सगळीकडे असत. आफोन्सो यांची काही गाणी रेडिओवर लावायला बंदीच होती. म्हणून पहिल्या खुणेसाठी असे गाणे हवे होते की जे सर्वांना माहीत आहे आणि ज्याच्यावर कोणाचाही संशय नाही. नुकतेच युरोव्हिजनला जाऊन आलेले प्रेमगीत या कसोटीला उतरले, आणि ते उतरले ते स्पर्धेमुळेच. देशाच्या नावाने ते गेले होते, म्हणून घरोघरी पोचले होते.

मला त्या उद्घोषकाचा फार आदर वाटतो. वेळ सांगायची, नाव सांगायचे, तबकडीवर सुई टेकवायची, हे आमचे रोजचे काम. त्याने तेच केले. आवाज हलला असता, वेळ चुकली असती, तर किती जणांचे प्राण गेले असते कोण जाणे.

आता मोठा प्रश्न. अशा स्पर्धेत गाणे देशाचे प्रतिनिधित्व करते म्हणजे कोणाचे करते? पाठवते सरकारी दूरचित्रवाणी. 1964 मध्ये पोर्तुगाल कोपनहेगनला पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला, तेव्हा एक माणूस स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असा फलक घेऊन रंगमंचावर चढला होता. त्याचा राग खरा होता. अंगोला आणि गिनी इथल्या वसाहतींत त्या राजवटीची युद्धे चालली होती. अशा राजवटीच्या नावाने आलेले गाणे आनंदाने ऐकायचे कसे?

तरी माझे मत वेगळे आहे. गाणे पाठवणारा हात सरकारचा असला तरी ते लिहिणारे, गाणारे, ऐकणारे त्या देशातले लोक असतात. 1973 मध्ये फेर्नांदो तोर्दो यांनी युरोव्हिजनमध्ये गायलेले 'तोरादा' वरवर माणूस आणि बैल यांच्या झुंजीचे गाणे होते. कवी आरी दुश सांतुश यांनी त्यातून राजवटीवर कोरडे ओढले होते आणि सेन्सॉरला ते उमगले नव्हते. 1975 मध्ये, क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षी, पोर्तुगालने स्टॉकहोमला पाठवलेला गायक दुआर्ते मेंदिश हा स्वतः क्रांतीत भाग घेतलेला लष्करातला कॅप्टन होता. स्पर्धेत त्याचाही क्रमांक खालचाच लागला. पोर्तुगालने युरोव्हिजन जिंकली ती थेट 2017 मध्ये, साल्व्हादोर सोब्राल या गायकाने पोर्तुगीजमधल्याच एका साध्या, शांत गाण्याने. पण 1973, 1974 आणि 1975 या ओळीने आलेल्या तीन गाण्यांतून एका समाजाची वाटचाल जशी कळते, तशी कुठल्याही गुणतक्त्यातून कळत नाही.

हे आपल्या लक्षात राहणे गरजेचे आहे, कारण आपल्याकडे 'पोर्तुगीज' म्हटले की राजवट आणि माणसे एकच होऊन जातात. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे सांगलीचे. गोवा मुक्त झाल्यावरही ते लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात कैदेत होते. 1969 मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात समिती स्थापन करून धडपडले ते सुधीर फडके. स्वतः 1954 च्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात उतरलेले बाबूजी. रानडे यांना कोंडणाऱ्या त्याच काशियशमध्ये शेकडो पोर्तुगीज कोंडले होते, आपल्याच देशात मोकळेपणी बोलले म्हणून. त्यांच्यातले शेवटचे कैदी क्रांतीनंतरच्या दोन दिवसांत बाहेर आले. आपला कैदी आणि त्यांचे कैदी एकाच भिंतींच्या आड होते, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

आणि रेडिओचा धागा तर आपल्याकडेही तितकाच पक्का आहे. 1955 पासून 1961 पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून भूमिगत केंद्र चालवले आणि कोंकणी व पोर्तुगीजमधून गोव्याला बातम्या दिल्या. त्याच हुकूमशाहीविरुद्ध आधी आंबोलीच्या जंगलातून एक आवाज निघाला, नंतर लिस्बनच्या स्टुडिओतून दुसरा.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात गोवामुक्तीचा धडा 31 डिसेंबर 1974 पर्यंत न्यावा. सोआरिश आणि चव्हाण यांची नावे त्यात शेजारी शेजारी असावीत. आणि दर 25 एप्रिलला पणजी केंद्रावरून, दोन-तीन वाक्यांच्या निवेदनानंतर, पाउलो द कार्व्हालो यांचे ते गाणे लागावे. त्यासाठी ना निधी लागेल, ना समिती. चार मिनिटांचा वेळ पुरे. ज्या लोकांनी आपली हुकूमशाही स्वतः पाडली आणि मग आपल्याशी प्रामाणिक करार केला, त्यांचा तेवढा मान राखणे आपल्याला शोभेल.