उपवासाने वजन का उतरत नाही?

“डॉक्टर, आठवड्यातून दोन उपवास करते, तरी वजन हलत नाही.” पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची ही नेहमीची तक्रार. उपवासाला काय खाता, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळं, वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. त्यात तूप सढळ हाताने! रोजचं वरण-भात-पोळी याहून हलकं पडेल.

रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते. वयाबरोबर स्नायूही घटतात. प्रथिनं कमी पडली की काटा तोच दाखवतो, पण आत स्नायूंच्या जागी चरबी आलेली असते. म्हणून माझा काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास आहे. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

उपवास श्रद्धेने जरूर करा, वजनासाठी मात्र नको. त्या दिवशी भगर किंवा राजगिरा, सोबत वाटीभर दही किंवा ताक घ्या. खिचडी हवीच तर छोटी वाटी, एकदाच. एरवी डाळ, उसळ किंवा अंडं रोज ताटात हवं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर उपवासाच्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांना विचारा.