उभा कागद, आडवा कागद

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे कोठेही गेला, तरी कागद त्याची पाठ सोडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, ही यादी संपत नाही. कागद कोठून मिळवावा हे आपण मुलांना सांगतो. त्याचे माप कोणते आणि तो यंत्रातून उभा काढावा की आडवा, हे मात्र सांगत नाही. ही बाब अनेकांना क्षुल्लक वाटते. मला ती तशी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदीची छायाप्रत घेऊन तेल्हाऱ्याहून जिल्ह्याच्या गावी गेला. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोल असते, आणि आजोबांचा शाळाप्रवेश त्याआधीचा होता. पुरावा अस्सल होता. पण नोंदवही रुंद, दोन पानांवर पसरलेली. प्रत निघाली ती उभ्या ए-४ कागदावर. प्रवेशाच्या तारखेचा रकानाच कापला गेला. वडील मला म्हणाले, "सर, वहीत त सारं हाये, मंग झेराक्सात कुठी गेलं?" दुसरी खेप घडली आणि मजुरीचा दिवस बुडाला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला दिसते, की कागदाचा आकार कधी निसर्गाने ठरवला, कधी सत्तेने. ताडाचे पान लांब व अरुंद, म्हणून ताडपत्रावरील ग्रंथ आडवे. बौद्ध धम्मग्रंथही शतकानुशतके अशाच आडव्या पानांवर जपले गेले. कागद आल्यावरही पोथीने तो आडवेपणा सोडला नाही. उलट मोडी दफ्तरातले बंद उभे व अरुंद. मजकूर वाढला की बंदाला बंद चिकटवत. इंग्रजी अमलाने फुलस्केप आणला, आणि कचेऱ्यांत लांब कागदाची सवय रुजली.

ए-४ ची गोष्ट निराळी आहे. हे माप गणितातून आले. लांबी-रुंदीचे गुणोत्तर २ च्या वर्गमूळाइतके ठेवले, तर कागद मधोमध दुमडूनही तेच गुणोत्तर राहते. हा गुण जर्मन विद्वान लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात नोंदवला. १९२२ मध्ये जर्मनीने त्यावर प्रमाण बांधले आणि १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले. ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. चार वेळा निम्मे केले की ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लीगल कागद मात्र २१६ बाय ३५६ मिलिमीटर. तो तसाच ए-४ वर उतरवला, की जवळजवळ सहा सेंटीमीटर मजकूर गळतो. आणि सही-शिक्का बहुधा तळाशीच असतो! सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-४ कागद स्वीकारला. तरी घराघरांतील जुने दस्तऐवज लांबच राहणार आहेत.

उपाय अवघड नाही. लीगल कागद ए-४ वर आणायचा तर प्रमाण ८३ टक्के ठेवावे. ए-३ वरून ए-४ वर येताना ७१ टक्के ठेवावे. रुंद नोंदवहीसाठी कागद आडवा निवडावा. अक्षर बारीक होत असेल तर ए-३ वरच प्रत घ्यावी. संगणकात अमेरिकी 'लेटर' माप निवडलेले नाही ना, हे पाहावे. ते २१६ बाय २७९ मिलिमीटर असते, म्हणून पानांची मांडणी सरकते. छापण्यापूर्वी पूर्वदृश्य पाहावे आणि प्रत हाती येताच तिचे चारही काठ मुळाशी ताडून घ्यावेत. दुकानातून बाहेर पडण्याआधी!

कोणी म्हणेल, हे झेरॉक्सवाल्याचे काम आहे. दुकानदार कागद छापतो; त्यातला कोणता रकाना आपले आयुष्य ठरवतो, हे त्याला कसे कळावे? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला आणि पुढे भारत भूषण हा छापखानाही उभारला. विचार आपला असून भागत नाही, तो छापण्याचे साधनही कळावे लागते, असा अर्थ मी त्यातून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावे कागदच नव्हता, त्यांच्या नातवंडांनी हाती आलेला कागद अर्धा कापून देऊ नये.

म्हणून माझी सूचना आहे, की इयत्ता नववीला वर्षातून दोन तासिका यासाठी द्याव्यात. एका तासिकेत मुलांनी कागद दुमडून ए-४ पासून ए-५, ए-६ करावेत. दुसरीत नोंदवहीच्या कोऱ्या पानाची प्रत स्वतः काढावी. माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला एखादे ए-३ यंत्र भेट दिले, तर या स्मरणिकेतील कोणत्याही शुभेच्छा-संदेशापेक्षा ते अधिक काळ उपयोगी पडेल.

जय भीम. नमो बुद्धाय.