'खलास'चे गोत

'खलास' हा मराठीत उनाड समजला जाणारा शब्द. वऱ्हाडात अमडापूर-चिखलीकडे पावसाने दगा दिला की 'सोयाबीन खलास झालं' म्हणतात. मुंबईच्या टोळ्यांनी त्याचे 'खल्लास' केले आणि त्याला ठार मारण्याचा अर्थ दिला. २००२च्या 'कंपनी' या हिंदी चित्रपटातील गाण्याने हे रूप देशभर नेले.

शब्दाचे मूळ मात्र सात्त्विक आहे. अरबीत ख-ल-स या धातूचे दोन अर्थ होतात: शुद्ध असणे आणि मोकळे होणे. 'खलास' म्हणजे सुटका. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या कचेऱ्यांत आला. वऱ्हाड १८५३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाकडे होते, त्यामुळे इथल्या महसुली बोलीत असे शब्द मुरलेले आहेत.

सुटण्याचे संपणे कसे झाले, हे इतर भाषांत दिसते. बंगालीत आरोपी निर्दोष सुटला की 'बेकसुर खालास', आणि बंदरात जहाजावरचा माल उतरवून सोडवला की 'माल खालास'. माल्टाच्या भाषेत याच धातूचे क्रियापद पैसे चुकते करण्यासाठी वापरतात, कारण देणे फिटले की माणूस मोकळा होतो. आजच्या बोली अरबीत 'खलास' म्हणजे 'झाले, पुरे'. काम सुटले म्हणजे संपले. मराठीने हाच अर्थ धरला आणि मुंबईने तो थेट माणसाच्या जिवावर आणला. एकाच शब्दाने कोलकात्याच्या कोर्टात माणूस सुटतो आणि मुंबईच्या गल्लीत मरतो, ही तफावत विलक्षण आहे.

गोतही मोठे आहे. जहाजावरचा, पुढे रेल्वेतलाही 'खलाशी' याच घरचा. मुळात गाळून उरलेले सार तो 'खुलासा'. मध्ये जहागीरदार नसलेली, थेट सरकारची जमीन 'खालसा'. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, ते याच अर्थाने. शुद्ध मनाचा माणूस 'निखालस' ठरतो, तोही इथूनच.

माधव जूलियन यांनी १९२५ सालीच 'फारसी-मराठी कोश' सिद्ध करून अशा शब्दांची नोंद केली होती. तरीही 'निखालस' प्रतिष्ठित आणि 'खलास' गावंढळ, असा भेद अजून केला जातो. तो निराधार आहे. विद्यार्थ्याने निबंधात 'पीक खलास झाले' असे लिहिले, तर शिक्षकांनी त्याखाली लाल रेघ ओढू नये.