पुडी सापडल्यानंतर

वसतिगृहात एखाद्या मुलाच्या उशीखाली गुटख्याची पुडी सापडली म्हणजे पुढचा क्रम ठरलेला असतो. प्रार्थनेनंतर नाव पुकारले जाते, घरी निरोप धाडला जातो, आई मजुरीचा खाडा करून येते, माफीनामा लिहून घेतला जातो. आणि पुडी दुसऱ्यांदा सापडली की शाळा सोडल्याचा दाखला हाती पडतो. अनेक निवासी संस्थांतून हाच शिरस्ता चालत आला आहे. तो चालविणारी माणसे दुष्ट नसतात; शे-दीडशे मुलांची जबाबदारी शिरावर असलेल्या अधीक्षकाला दुसरे काही सुचत नाही, इतकेच. तथापि या शिरस्त्याचा फेरविचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मरणिकेसारख्या गौरवाच्या अंकात हा कडू विषय काढला म्हणून वाचकांनी राग मानू नये. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सातवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा विषय टाळून तो टळणारा नाही.

व्यसन या प्रश्नाकडे निकाल देण्याच्या भूमिकेतून न पाहता जिज्ञासेने ज्यांनी पाहिले, त्यांत डॉ. ॲलन मार्लाट (१९४१–२०११) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पेयांची चव सांगण्याच्या निमित्ताने काही मद्यासक्त आणि काही बेताने पिणाऱ्या पुरुषांना बोलावले. काहींच्या पेल्यात खरोखर व्होडका होती, काहींच्या पेल्यात नुसते टॉनिक पाणी. पण पेल्यात काय आहे हे सांगताना मात्र निम्म्यांना खरे सांगितले, निम्म्यांना खोटे. जास्त प्याले कोण? ज्यांना आपण मद्य पीत आहोत असे वाटत होते, ते. पेल्यात प्रत्यक्ष काय होते याने फारसा फरक पडला नाही. एकदा घोट पोटात गेला की शरीरच माणसाला ओढत नेते आणि त्याच्या हाती काही उरत नाही, या सर्वमान्य समजुतीला या प्रयोगाने मोठा तडा दिला. माणूस स्वतःविषयी काय समजतो, हेही व्यसनाचे एक इंधन आहे.

याच धाग्यावरून मार्लाट पुढे गेले. व्यसन सोडलेल्या माणसाचा पाय एकदा घसरणे आणि तो पुन्हा पूर्णपणे व्यसनात बुडणे, या दोन निरनिराळ्या घटना आहेत असे त्यांनी मांडले. या दोहोंच्या मधले अंतर काही तासांचे असेल, काही दिवसांचे असेल. पण त्या अवधीत माणूस स्वतःशी काय बोलतो यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘माझ्यात दमच नाही, आता सगळे संपले’ असे तो म्हणाला, तर तो पुढचा पेला भरतो. ‘आज नेमके काय झाले? कोण भेटले होते? कशाचा राग आला होता?’ असे विचारू लागला, तर परतीची वाट उघडी राहते.

आता आपल्या दाखल्याकडे पाहा. ‘आता सगळे संपले’ हे वाक्य त्या मुलाने स्वतःशी म्हणण्याआधीच आपण त्याला संस्थेच्या शिक्क्यानिशी लिहून देतो.

कडक शब्दांत सुनावल्याशिवाय माणूस वळणावर येत नाही, असे आपल्याकडे मानले जाते. अमेरिकेतीलच दुसरे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी हेही तपासून पाहिले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, समुपदेशक जितका अधिक दोष दाखवीत आणि वाद घालीत गेला, तितके अधिक मद्य समोरच्या माणसाने वर्षभरानंतर घेत असल्याचे आढळले. घरोघरच्या आयांना हे संशोधनावाचूनही माहीत असेल. प्रेरणा बाहेरून ठोकून बसविता येत नाही. ती त्या माणसाच्याच तोंडून, त्याच्याच कारणांनी बाहेर यावी लागते. त्यासाठी त्याला कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर ऐकायला थांबावे लागते.

मार्लाट यांच्या कार्याचा आपल्या नाशिक जिल्ह्याशी एक धागा जुळतो आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. एकलहऱ्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर इगतपुरी आहे. तेथे १९७६ साली उभ्या राहिलेल्या धम्मगिरीतून सत्यनारायण गोयंका यांनी शिकविलेली विपश्यना तुरुंगांतही गेली. १९९४ साली तिहारमध्ये एक हजाराहून अधिक बंदिवानांचे एकच शिबिर झाले. हीच परंपरा १९९७ साली सिएटलच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात पोहोचली आणि मार्लाट यांच्या चमूने तिचा अभ्यास केला. २००६ साली आलेल्या निष्कर्षानुसार, सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींचे दारू व अमली पदार्थांचे सेवन इतर बंदिवानांपेक्षा कमी होते. मात्र शिबिराला बसलेले लोक स्वेच्छेने आले होते, तेव्हा सारे श्रेय ध्यानाला देता येत नाही. नंतर सारा बोवेन यांनी २८६ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निरनिराळ्या उपचारगटांत विभागून अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षअखेरीस सजगतेवर आधारलेल्या उपचाराची बाजू सरस ठरली.

या उपचारातील मर्म समजायला कठीण नाही. तलफ ही लाटेसारखी असते. ती उठते, टोकाला जाते, ओसरते. तिच्याशी झुंजू नये आणि तिच्या मागेही जाऊ नये. ती शरीरात कुठे जाणवते, किती वेळ टिकते, हे कुतूहलाने पाहावे. जडसन ब्रूअर या संशोधकांनी ८८ धूम्रपान करणाऱ्यांवर असाच प्रयोग केला. २०११ च्या त्यांच्या निष्कर्षांत, सतरा आठवड्यांनंतर सजगता शिकलेल्यांपैकी ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर प्रचलित पद्धतीच्या गटातील केवळ ६ टक्के. त्यांनी लोकांना सिगारेट ओढू नका असे सांगण्याऐवजी ओढताना नीट लक्ष द्या असे सांगितले. आणि वर्षानुवर्षे ओढलेली वस्तू चवीला किती वाईट आहे, हे काहींना प्रथमच कळले.

आपली मुले वंदनेत रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतात. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ आपण त्यांना सांगतो. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेशही सांगतो, की परंपरेने आले किंवा गुरूने म्हटले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. पाचवे शील मात्र आपण मुलांना केवळ मनाईच्या रूपात शिकवितो. त्याच्या मुळाशी असलेली प्रमादाची, म्हणजे भान सुटण्याची, गोष्ट मुलांना स्वतःच्या देहावर पारखून पाहू देत नाही.

दोन आक्षेप रास्त आहेत. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत. माणूस डोळे मिटून बसल्याने कंत्राटी मजुरी, रात्रपाळी आणि वस्तीच्या तोंडाशीच असलेले दारूचे दुकान नाहीसे होत नाही, हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. दुकान हटविण्याचा लढा निराळा लढावाच लागेल. दुसरा आक्षेप पालकांचा: एक नासका आंबा आढी नासवतो. पण मुलगा आंबा नव्हे. जो इतर मुलांना पुड्या विकतो त्याच्याबाबत कठोर राहावे, दुमत नाही. जो स्वतः खातो त्याला शाळेबाहेर काढणे म्हणजे जिथे पुडी मिळते तिथेच त्याला दिवसभर नेऊन बसविणे होय. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला दुसरी शाळा सहज मिळत नाही.

अंगुलिमालाची कथा आपण सारे अभिमानाने सांगतो, पण तिचा उत्तरार्ध बहुधा गाळतो. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला, तेव्हा लोकांनी त्याला ढेकळे-दगड मारले. डोके फुटलेला, भिक्षापात्र भंगलेले, अशा अवस्थेत तो परतला. संघाने त्याला स्वीकारले होते, वस्तीने नाही. पुनर्वसनाचे अवघड काम तिथूनच सुरू होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक म्हणून उभी राहिली. अशी माणसे आपल्या माजी विद्यार्थ्यांतही असणारच. कोणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळी करीत असेल, कोणी नाशिकरोडला असेल. त्यांना व्यासपीठावर बसवून भाषण करायला लावू नये. महिन्यातून एका रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर तासभर गप्पा माराव्यात, शिक्षकांनी त्या वेळी बाहेर थांबावे.

आणि पुडी सापडली तर नाव प्रार्थनेत पुकारू नये. अधीक्षकांनी त्या मुलाला एकटे बसवून तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्यांदा कोणाबरोबर खाल्ली, कोणत्या वेळी हवीशी वाटते, आणि न मिळाल्यास अंगात काय होते. आईला बोलवायचे ते याच संभाषणासाठी, मजुरी बुडणार नाही अशा दिवशी. प्रकरण शाळेच्या आवाक्याबाहेरचे वाटल्यास केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक वसतिगृहाच्या फळ्यावर कायम असावा. दाखला देण्याचा नियम बदलायचा तर संस्थेच्या सभेत ठराव लागेल. तो जूनमध्ये नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी मांडला जावा.