न्याम्को साबुनी : नाव मोजायचं की मत?

मागे एका अभ्यासवर्गात कॉलेजच्या एका मुलाने सरळ विचारलं, "सर, सभागृहात आपली माणसं वाढली की आपले प्रश्न सुटतील ना?" निकालाच्या दिवशी आपल्या घराघरांत हेच चालतं. सरकार कुणाचं येणार हे नंतर. आधी निवडून आलेल्यांच्या यादीत आपली नावं किती, ते बोटांवर मोजलं जातं. मीही मोजतो. म्हणून त्या मुलाला मला लगेच 'नाही' म्हणता आलं नाही. मी त्याला एका स्वीडिश राजकारणी बाईंची हकीकत सांगितली. ती इथे जरा सविस्तर लिहितो, कारण वर्गात वेळ कमी पडला आणि चर्चा भलतीकडेच गेली.

न्याम्को साबुनी यांचा जन्म १९६९ सालचा, आफ्रिकेतल्या बुरुंडी देशात. वडील मूळचे काँगोचे, डाव्या विचारांचे राजकीय कार्यकर्ते. तुरुंगवास भोगलेले आणि देश सोडावा लागलेले. वडील ख्रिस्ती, आई मुस्लिम. १९८१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, न्याम्को निर्वासित म्हणून स्वीडनला आल्या. स्वतः त्या धर्म पाळत नाहीत आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. १९९५ मध्ये क्लिपान नावाच्या गावात आयव्हरी कोस्टहून आश्रयाला आलेल्या एका माणसाला एका नवनाझी तरुणाने भोसकून मारलं. त्या काळात स्वीडनमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत साबुनी होत्या. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

२००२ साली त्या स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सदागमध्ये, निवडून आल्या. पक्ष उदारमतवादी. तेव्हा त्याचं नाव फोल्कपार्टिएट होतं, आता त्याला लिबरल पक्षच म्हणतात. १९९८ मध्ये या पक्षाला ४.७ टक्के मतं होती. तिथे संसदेत जायला देशभरात ४ टक्के मतं लागतात, म्हणजे पक्ष काठावर होता. २००२ मध्ये तो एकदम १३.४ टक्क्यांवर गेला. त्या प्रचारातला गाजलेला मुद्दा होता नागरिकत्वासाठी स्वीडिश भाषेच्या परीक्षेचा. विरोधक म्हणाले, हे उदारमतवादाच्या नावाखाली परकीयांच्या भीतीवर मतं मागणं आहे. पक्ष म्हणाला, भाषा आली तरच माणूस त्या समाजात उभा राहतो. या लाटेत जे नवे चेहरे आत आले त्यांत एक निर्वासित काळी स्त्री होती. पक्षाला तिचा उपयोग झाला हे उघड आहे. पण ती केवळ शोभेची बाहुली होती असं म्हणणं तिच्यावर अन्याय ठरेल. तिला जे म्हणायचं होतं ते ती पक्षातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठ्याने म्हणत होती.

त्याच वर्षी जानेवारीत उप्सालामध्ये फादिमे शाहिंदाल या कुर्द तरुणीला तिच्या बापाने गोळी घालून मारलं होतं. गुन्हा एवढाच की तिने स्वतःच्या मर्जीने स्वीडिश मुलगा निवडला होता. मरणापूर्वी दोन महिने, नोव्हेंबर २००१ मध्ये, याच फादिमेने रिक्सदागच्या जुन्या सभागृहात भाषण केलं होतं. ते भाषण आपल्या प्रत्येक मुलामुलीने मिळवून वाचावं. तिने घरच्यांना माफ केलं नाही, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळीही झाली नाही. तिचं म्हणणं असं होतं की स्वीडिश समाजाने माझ्या आईवडिलांना वेळीच आपल्यात सामावून घेतलं असतं, तर कदाचित हे टळलं असतं. म्हणजे मुलीला वाचवायचं तर आईबापांपर्यंतही पोचावं लागेल.

साबुनींनी या भाषणाचा अर्धा भाग उचलला असं मला वाटतं. २००६ च्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीरपणे मागण्या केल्या : पंधरा वर्षांखालच्या मुलींना शाळेत हिजाब बंद करा, धार्मिक शाळांचं सरकारी अनुदान थांबवा, इज्जतीच्या नावाखाली होणाऱ्या गुन्ह्यांची कायद्यात वेगळी नोंद करा. आणि सगळ्यात खळबळ उडवणारी मागणी म्हणजे, कुणाची खतना झाली आहे का हे कळावं म्हणून शाळेतल्या सगळ्या मुलींची वैद्यकीय तपासणी सक्तीची करा. मुलींच्या खतनेवर स्वीडनमध्ये १९८२ पासून बंदी आहे; ती बंदी योग्यच आहे आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण काही कुटुंबांतला गुन्हा शोधायला प्रत्येक मुलीच्या शरीराची सक्तीने तपासणी? जो पक्ष माणसाला आधी व्यक्ती मानतो, त्या पक्षातून ही मागणी यावी याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

ऑक्टोबर २००६ मध्ये उजव्या आघाडीचं सरकार आलं आणि साबुनी मंत्री झाल्या. वय ३७. स्वीडनच्या मंत्रिमंडळातली आफ्रिकी वंशाची ती पहिली व्यक्ती. खातं समावेशनाचं आणि स्त्रीपुरुष समानतेचं. लगेच काही मुस्लिम संघटनांनी त्यांच्या नेमणुकीविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. या बाई इस्लामद्वेष पसरवतात, असा आरोप होता.

या मोहिमेबद्दल माझं मत बऱ्याच मित्रांना आवडत नाही. सक्तीच्या तपासणीला विरोध करायलाच हवा होता. हिजाबबंदीलाही. पण मोहीम जितकी साबुनींच्या विरोधात बोलली, तितकी ती फादिमेसारख्या मुलींबद्दल बोलली का? जिच्या घरात खरोखर सक्ती आहे, जिचं लग्न सुट्टीत गावी नेऊन परस्पर ठरणार आहे, अशा सोळा वर्षांच्या मुलीने तेव्हा कुणाकडे बघायचं? मंत्रीणबाईंनी तिला अख्ख्या समाजाविरुद्धचा पुरावा केलं. संघटनांनी तिला बदनामीचं निमित्त मानलं. दोघांच्या भांडणात ती मुलगी होती तिथेच राहिली. आपल्याकडेही तलाक, पोटगी, बालविवाह असा विषय निघाला की हेच होतं. बाहेरचा बोट दाखवतो, म्हणून आतला दार लावून घेतो.

आता ज्या भागाची बातमी होत नाही त्याकडे येतो. त्या सक्तीच्या तपासणीचं पुढे काहीच झालं नाही. देशभर हिजाबबंदीचा कायदाही झाला नाही. पण साबुनींच्या खात्याने एक कंटाळवाणं वाटणारं विधेयक संसदेत आणलं. भेदभावाविरुद्धचे वेगवेगळे सात कायदे एकत्र करून एकच कायदा करण्यात आला, आणि वेगवेगळ्या चार लोकपालांच्या जागी एकच भेदभावविरोधी लोकपाल नेमला गेला. १ जानेवारी २००९ पासून हा कायदा लागू आहे. लिंग, वंश, धर्म, अपंगत्व, वय अशा कारणांवरून नोकरीत, शिक्षणात, घर देण्यात, दुकानात वा दवाखान्यात भेदभाव केला, तर तक्रार करता येते. तक्रारदाराच्या खिशात वकिलाचे पैसे नसले तरी लोकपाल स्वतः त्याच्या वतीने खटला चालवू शकतो.

त्या कायद्याचं एक फळ बघा. उप्सालामध्ये एक मुस्लिम तरुणी दुभाषाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली. समोरच्या पुरुषाने हात पुढे केला. तिने हात मिळवला नाही, छातीवर हात ठेवून अभिवादन केलं. मुलाखत तिथेच संपली. लोकपालाने तिच्या वतीने खटला लढवला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. भरपाई चाळीस हजार क्रोनर. निकाल एकमताचा नव्हता, पाचांपैकी तिघांचा होता. दुभाषाचं काम बहुतेक फोनवर किंवा व्हिडिओवर चालतं, तिथे हस्तांदोलनाचा आग्रह कशाला, असं न्यायालयाने विचारात घेतलं.

म्हणजे जिच्या नेमणुकीविरुद्ध मुस्लिम संघटनांनी सह्या गोळा केल्या, तिच्याच खात्याने आणलेल्या कायद्याने एका हिजाबी मुलीला न्याय मिळाला.

हे वाचताना एक तारीख माझ्या मनातून जात नाही. साबुनी मंत्री झाल्या ऑक्टोबर २००६ मध्ये. आपल्या सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला तो नोव्हेंबर २००६ मध्ये. सच्चर समितीनेही समान संधी आयोग नेमा अशी शिफारस केली होती. पुढे माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही तयार केला. तिकडे सव्वादोन वर्षांत कायदा लागू झाला. आपल्याकडे तो आयोग आजही नाही. राज्यघटनेचं पंधरावं कलम सरकारला भेदभाव करू देत नाही, पण तुमचं नाव ऐकून फ्लॅट भाड्याने न देणाऱ्या खासगी घरमालकाविरुद्ध तुम्ही नेमकं कुठे जाणार? मुंबई-पुण्यात खोली शोधलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. एजंट फोनवर गोड बोलतो, नाव कळलं की "कळवतो" म्हणतो, आणि कळवत नाही. माझ्या वाट्याला हे तीनदा आलं, तेव्हा मी फक्त एजंट बदलला.

साबुनींची पुढची कहाणी मला मात्र खिन्न करते. २०१३ च्या जानेवारीत त्या मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या, खासगी क्षेत्रात गेल्या. जून २०१९ मध्ये पक्षाने त्यांना अध्यक्ष म्हणून परत आणलं, तेव्हा त्या संसदेच्या सदस्यही नव्हत्या. आपल्याला विचित्र वाटेल, पण तसं त्यांचं संसदेतलं आसन फारसं गरम झालंच नव्हतं. स्वीडनमध्ये खासदार मंत्री झाला की त्याची जागा मंत्रिपद असेपर्यंत बदली सदस्याकडे जाते, आणि मंत्र्याला सभागृहात मत नसतं. त्यामुळे खासदार म्हणून बाकावर बसून त्यांनी मतं दिली ती मुख्यतः २००२ ते २००६ या चार वर्षांत.

पक्ष तेव्हा पुन्हा चार टक्क्यांच्या रेषेखाली घसरत होता. मार्च २०२१ मध्ये, साबुनींच्या नेतृत्वाखाली, पक्ष परिषदेने ५९ विरुद्ध ३१ मतांनी ठरवलं की पुढच्या निवडणुकीनंतर उजवं सरकार हवं, मग त्याला स्वीडन डेमोक्रॅट्सचा पाठिंबा घ्यावा लागला तरी चालेल. स्वीडन डेमोक्रॅट्स म्हणजे ज्याची मुळं नवनाझी चळवळीत आहेत आणि ज्याचा सगळा प्रचार स्थलांतरितांविरुद्ध, विशेषतः मुस्लिमांविरुद्ध चालतो, तो पक्ष. याच लिबरल पक्षाचे नेते बेंग्ट वेस्टरबर्ग १९९१ च्या निवडणुकीच्या रात्री, तेव्हाच्या एका स्थलांतरितविरोधी पक्षाचे नेते शेजारी येऊन बसले म्हणून टीव्ही स्टुडिओतून उठून गेले होते. क्लिपानच्या खुनाच्या काळात संघटना उभी करणाऱ्या बाईंनी पंचवीसेक वर्षांनी तो दरवाजा आतून उघडून दिला. त्या स्वतः तोवर थांबल्याही नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये, निवडणुकीला पाच महिने असताना, त्यांनी अध्यक्षपद सोडलं. ऑक्टोबरमध्ये सरकार बनलं ते १७६ विरुद्ध १७३ मतांनी. त्या १७६ मध्ये लिबरल पक्षाची मतं होती १६. तीही गेली असती तर ते सरकार उभंच राहिलं नसतं.

त्याच डिसेंबरमध्ये स्वीडनच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दोन नगरपालिकांनी शाळांत घातलेली हिजाबबंदी बेकायदा ठरवली. आधार धर्मस्वातंत्र्याचा नव्हता, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता : डोक्यावरचा रुमाल हेही एक म्हणणं आहे आणि असं म्हणणं कायद्याशिवाय रोखता येत नाही. साबुनींनी २००६ मध्ये मागितलेली गोष्ट सोळा वर्षांनी उदारमतवादाच्याच मूळ तत्त्वावर अडली.

वर्गातला तो मुलगा हे ऐकून थोडा नाराज झाला. चार दिवसांनी त्याने मला एक बातमीची लिंक पाठवली. जून २०२५ मध्ये त्याच लिबरल पक्षाने सिमोना मोहाम्सन यांना अध्यक्ष निवडलं होतं. पॅलेस्टिनी-लेबनीज कुटुंबातल्या, आणि त्याच महिन्यात शिक्षण व समावेशन मंत्रीही झालेल्या. खाली त्याने लिहिलं होतं, "सर, आता एक आपली." मी उत्तरात एवढंच विचारलं की तिच्या पक्षाचे ते सोळा जण सध्या कुणाच्या सरकारला मत देतात. निळ्या टिका लगेच दिसल्या. उत्तर रात्री उशिरा आलं : "बघून सांगतो."